खळ्यावरचे समाजशास्त्र

१८५२ साली मुंबई सरकारने आपल्या दप्तरातल्या निवडक कागदपत्रांच्या मालेतला चौथा अंक छापला. त्यात आर. एन. गुडाइन या अधिकाऱ्याचा दख्खनच्या गावसमाजांवरचा अहवाल होता. त्याचा रोख होता अहमदनगर कलेक्टरीतल्या खेड्यांवर. विचारलेला प्रश्न कोरडा, महसुली होता. पाटील, कुलकर्णी आणि इतर गावकामगार आपल्या चाकरीबद्दल गावाकडून जे हक्क मागतात ते किती, कशाच्या आधारावर, आणि सरकारने ते मान्य करायचे की नाही? पण या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी गाव म्हणजे काय, ते कोणाचे, त्यात कोण कोणाला काय देणे लागतो, हे सांगावे लागत होते. कर ठरवायला निघालेला माणूस असा समाजाच्या मुळाशी येऊन पोहोचला.

त्या वेळी समाजशास्त्र या विषयाचे नाव जेमतेम तेरा वर्षांचे होते. ऑग्यूस्त कोंतने ते १८३९ मध्ये पॅरिसमध्ये छापून वापरात आणले. एमिल दुर्खाइमचा जन्म व्हायला अजून सहा वर्षे होती, मॅक्स वेबरच्या जन्माला बारा. आज महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत समाजशास्त्राची ओळख याच नावांपासून सुरू होते, आणि विद्यार्थ्याची समजूत होते की हा सगळा विचार युरोपातल्या गिरण्या, क्रांत्या आणि शहरे यांतून निघाला. समजूत अर्धीच खरी आहे. त्या विचारवंतांच्या मांडणीत भारतीय खेडे पुन्हा पुन्हा येते. त्या खेड्याची माहिती ज्या जिल्ह्यांतून गोळा झाली त्यांत नगर होता, आणि त्या माहितीला पुढे जी उत्तरे मिळाली त्यांतली काही सर्वांत धारदार उत्तरे याच जिल्ह्यातल्या माणसांनी दिली.

नगरचे खेडे काळी आणि पांढरी यांत वाटलेले होते. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळीत कुणबी राबायचा, आणि पांढरीत त्याच्याबरोबर सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, कोळी, मुलाणी, मांग आणि महार राहायचे. यांना बलुतेदार म्हणत. बारा ही संख्या बोलण्यात पक्की असली तरी गावोगाव यादी वेगळी असे. कुठे सोनार आत, तर कुठे कोळी बाहेर. सुताराने वर्षभर आऊत नीट ठेवायचे, लोहाराने फाळ शेवटायचा, चांभाराने मोट शिवून द्यायची, मांगाने सोल-दोर वळायचे. दर कामाचे दाम त्या त्या वेळी मागायचे नाहीत. सुगीत खळे लागले की प्रत्येकाने खळ्यावर यायचे आणि आपल्या हक्काच्या पेंढ्या, आपले धान्य घेऊन जायचे.

वाटा सगळ्यांना सारखा नसे. थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी किंवा कासा होत्या. सर्वसाधारणपणे थोरल्या ओळीत सुतार, लोहार, चांभार आणि महार येत. जोशी, गुरव, मुलाणी यांचा वाटा त्या मानाने कमी असे. ही मांडणी जरा थांबून पाहायला हवी. शेतीला ज्याच्याशिवाय चालत नाही त्याला धान्य जास्त, असा तिचा हिशेब आहे. महार थोरल्या ओळीत होता, कारण गावाची वेस, शिवेचा वाद, सरकारी टपाल, सारा पोचवणे, मेलेले जनावर ओढणे, परगावच्या पाहुण्याची बरदास्त हे सारे त्याच्यावर होते. पण धान्याच्या ओळीत थोरला असलेला हा माणूस माणसांच्या ओळीत सर्वांत शेवटी उभा होता, वेशीबाहेर. धाकट्या ओळीतला जोशी मात्र मानाने सर्वांच्या वर होता. मिळकत एका क्रमाने चालते आणि प्रतिष्ठा दुसऱ्याच क्रमाने, हे सांगायला पुढे मॅक्स वेबरने वर्ग आणि प्रतिष्ठागट असा भेद केला. नगरच्या खळ्यावर तो भेद दर सुगीला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मापून दिला जात होता.

हा सगळा व्यवहार वतनावर उभा होता. काम, त्याचा मोबदला आणि त्याचा मान हे तिन्ही पिढीजात. वतन गहाण पडे, भाऊबंदांत वाटले जाई, त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालत. पाटीलकीच्या मानपानाचे तंटे पेशवाईच्या दप्तरात भरपूर सापडतात: पोळ्याला बैल आधी कोणाचा, होळीची पोळी आधी कोणाची, शिरपाव कोणाला. आजच्या वाचकाला हे क्षुल्लक वाटेल. पण ज्या समाजात माणसाची जागा जन्माने ठरते तिथे जागा दाखवणाऱ्या खुणाच सर्वस्व होतात, आणि त्या काळच्या लोकांनी या खुणांसाठी जीव दिला-घेतला आहे.

पेशवाई संपली १८१८ मध्ये. नगरचा पहिला इंग्रज कलेक्टर झाला हेन्री पॉटिंजर. दुसऱ्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला आणि त्यात दख्खनच्या गावाबद्दल एक कल्पना रुजवली. हे गाव म्हणजे आपल्यापुरते एक छोटे राज्यच आहे, वरचे सरकार कोसळले तरी ते आपल्या माणसांचे रक्षण करू शकते, असा तिचा आशय होता. १८३० मध्ये उत्तरेकडे चार्ल्स मेटकाफने गावांना छोटी प्रजासत्ताके म्हटले आणि ही कल्पना जगभर गेली. राज्ये येतात, जातात. गाव तसेच राहते.

या चित्रात सौंदर्य आहे, आणि एल्फिन्स्टनसारख्या माणसाचा त्यामागचा आदर खोटा नव्हता. पण चित्र रेखाटणाऱ्याला गाव दिसत होते ते कचेरीतून, पाटील-कुलकर्ण्यांच्या तोंडून. वेशीबाहेरच्या माणसाला कोणी विचारले नव्हते.

लंडनमध्ये कार्ल मार्क्सने हीच वर्णने वाचली. १८१२ सालचा पार्लमेंटचा पाचवा अहवाल त्याच्या हाती होता. त्यात गावच्या कामगारांची यादी पाटलापासून न्हाव्यापर्यंत दिलेली आहे. २५ जून १८५३ च्या न्यूयॉर्क डेली ट्रिब्यूनमध्ये त्याचा भारतातील ब्रिटिश राजवटीवरचा लेख आला, म्हणजे गुडाइनचा अहवाल छापून झाल्यावर वर्षभराने. ज्या स्वयंपूर्णतेचे मेटकाफला कौतुक होते तिच्यातच मार्क्सला पौर्वात्य हुकूमशाहीचा पाया दिसला. जातिभेद आणि गुलामीने डागाळलेले, माणसाला परिस्थितीपुढे वाकवणारे, हजारो वर्षे हलत नसलेले गाव त्याने रंगवले. जातीच्या प्रश्नावर मार्क्सची नजर मेटकाफपेक्षा खूप स्वच्छ होती. चुकला तो न हलण्याच्या बाबतीत. दख्खनच्या गावात रोख सारा होता, सावकार होता, बाजार होता, परागंदा होणारी आणि नव्याने वसणारी कुळे होती. पिढीजात जमीन धरणारा मिरासदार वेगळा आणि बाहेरून आलेला उपरी वेगळा. गाव बंद पेटीसारखे कधीच नव्हते.

हेन्री मेनने १८७१ मध्ये पूर्व आणि पश्चिमेतल्या ग्रामसमाजांवर पुस्तक लिहिले. तो कलकत्त्याला सरकारचा कायदेमंत्री म्हणून सात वर्षे राहून गेला होता. जन्माने ठरलेल्या दर्जाकडून कराराकडे समाज सरकत जातो, हा त्याचा सिद्धांत आधीच प्रसिद्ध होता, आणि भारतीय गाव त्याला मानवजातीच्या आरंभीच्या सामुदायिक मालकीचा जिवंत अवशेष वाटले. पंचवीस वर्षांनी, १८९६ मध्ये, बेडन-पॉवेलने त्याला आव्हान दिले. पुरावा म्हणून त्याने जी प्रांतिक कागदपत्रे काढली त्यांत गुडाइनचा नगरवरचा अहवालही होता. दख्खनच्या गावात जमीन घराण्याघराण्यांच्या जथ्यांत विभागलेली होती, साऱ्या गावाची सामाईक मालकी असा प्रकार इथे सरसकट नव्हता, हा वादाचा मुद्दा होता. कुठल्या तरी हलक्या महसुली प्रश्नासाठी जमवलेली नगरची माहिती अशी एका मोठ्या सिद्धांताच्या कसोटीला लागली. अभ्यासक्रमात मेन येतो. गुडाइन येत नाही.

या दरम्यान गाव आपल्या गतीने बदलत होते, आणि सुखाने नव्हे. रयतवारी पाहणीने सारा गावावर न बसता ज्याच्या त्याच्या नावावर बसू लागला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत, १८६१ ते १८६५, कापसाचे भाव चढले आणि सावकाराचा हात सैल झाला. युद्ध संपले, भाव कोसळले, साऱ्याची फेरआकारणी झाली, आणि कोर्टात खत दाखवून जमीन घेणे सावकाराला सोपे झाले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला दंगा झाला आणि तो पसरत नगर जिल्ह्यात श्रीगोंदा, पारनेर, नगर, कर्जत या तालुक्यांत आला. दंग्याचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जाची खते मिळाली की जाळायची, मिळाली नाहीत तर मागायची.

पण समाजशास्त्राच्या अभ्यासकाने दंग्याच्या आधीचे काही महिने पाहावेत. नगरच्या सरहद्दीलगत शिरूर तालुक्यात करडे गाव आहे. तिथल्या सावकाराने डिक्री मिळवून गावच्या देशमुखाचे घर पाडले. १८७४ च्या अखेरीस गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही, मजुराने त्याच्या शेतात जायचे नाही. ही पद्धत गावोगाव पसरली. एकमेकांच्या सेवेवर चालणाऱ्या गावात सेवा रोखणे हेच सर्वांत मोठे हत्यार होते. त्या वेळी ते कर्जदारांनी सावकाराविरुद्ध चालवले. त्याआधी आणि त्यानंतर हेच हत्यार कितीतरी वेळा दुबळ्यांवर चालले आहे. मेलेली गुरे ओढायला नकार देणाऱ्या, सार्वजनिक विहिरीवर गेलेल्या माणसांवर ते चालले. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो २०१६ मध्ये.

दुर्खाइमचा श्रमविभाजनावरचा ग्रंथ १८९३ मध्ये आला. समाज एकत्र कशाने राहतो, हा त्याचा प्रश्न. सगळे एकसारखे असतात, एकच काम करतात, एकच मानतात, तिथे सारखेपणातून एकी येते. तिला त्याने यांत्रिक म्हटले. जिथे कामे वेगळी होतात आणि प्रत्येकाला दुसऱ्याची गरज पडते तिथे गरजेतून एकी येते. तिला त्याने सेंद्रिय म्हटले. मराठी विद्यार्थी हे वाचतो आणि त्याच्या मनात बारा बलुतेदार उभे राहतात. सुतारावाचून कुणब्याचे अडते, कुणब्यावाचून सुताराचे. मग बलुतेदारी ही सेंद्रिय एकीच नाही का?

उत्तर दुर्खाइमच्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागात आहे, आणि तिथपर्यंत फार थोडे वाचक जातात. तिथे त्याने लादलेल्या श्रमविभाजनाचे प्रकरण लिहिले आणि जातिसंस्थेचा उल्लेख केला. काम आणि अंगचे गुण यांचा मेळ नसेल, काम माणसावर जन्माने लादलेले असेल, तर कामे कितीही वेगळी असोत, त्यातून खरी एकी तयार होत नाही. ती वाटणी केवळ बळावर टिकते. बाहेरची विषमता काढून टाकल्याशिवाय श्रमविभाजन माणसांना जोडत नाही, असे त्याचे म्हणणे. बलुतेदारीला सहकाराचा आदर्श म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचायला हवे. दुर्खाइमचा सहकारी सेलेस्तँ बूगले याने १९०८ मध्ये जातीवर ग्रंथ लिहिला आणि तिची तीन लक्षणे सांगितली: पिढीजात धंदा, उच्चनीच श्रेणी आणि परस्परांबद्दलची शिवाशिव. मॅक्स वेबरने १९१६-१७ मध्ये हिंदू आणि बौद्ध धर्मांवर लिहिताना भारतीय गावातल्या कारागिरांचे वैशिष्ट्य हेरले. ते एकेका गिऱ्हाइकाचे काम पैसे घेऊन करत नाहीत. साऱ्या गावाची सेवा करतात आणि जमीन किंवा पिकातला वाटा घेतात.

मार्क्स, दुर्खाइम, वेबर यांपैकी एकानेही भारतात पाऊल ठेवले नव्हते.

वेबर हे लिहीत होता त्याच्या थोडे आधी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून वर्तमानपत्र निघू लागले होते. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केले आणि ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून चालवले. सत्यशोधक विचारांचे हे पत्र होते. मुंबई-पुण्याच्या छापखान्यांपासून दूर, शेतकऱ्यांच्या वस्तीत अंक छापायचा आणि तो शेतकऱ्यांपर्यंत पोचवायचा, ही त्या काळातली विलक्षण जिद्द होती. १९१३ मध्ये मुकुंदरावांचे ‘कुलकर्णी लीलामृत’ आले आणि खेड्यातल्या लेखणीच्या सत्तेवर त्यात थेट घाव घातला गेला. ज्याला वाचता येत नाही त्याचे दप्तर ज्याच्या हातात, तो त्याचा मालक होतो, ही गोष्ट मुकुंदरावांना कुठल्या ग्रंथातून कळली नव्हती. वेबरने नोकरशाही आणि लेखी दप्तरांच्या सत्तेचे विवेचन केले. तरवडीचा संपादक तीच सत्ता तिच्या बुडाशी बसून अनुभवत होता. सत्यशोधकांनी लग्नात ब्राह्मण पुरोहित नाकारला तेव्हा गावजोशी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात जात. जोशाला बोलावले नाही तरी त्याचा हक्क द्यायचा, ही सक्ती मोडायला १९२६ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी कायदा करून घेतला. वतनाच्या भिंतीतला पहिला मोठा चिरा त्या दिवशी निखळला.

‘कुलकर्णी लीलामृत’नंतर दोन वर्षांनी, १९१५ मध्ये, त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाले. आत्रे महसूल खात्यातले अधिकारी. खेडी फिरणे हे त्यांचे काम, आणि फिरताना डोळे उघडे ठेवणे हा त्यांचा स्वभाव. पुस्तकाच्या इंग्रजी उपशीर्षकातच ग्रामीण समाजशास्त्राच्या टिपणांचा निर्देश होता. अमेरिकेत ग्रामीण समाजशास्त्रावरचे जॉन जिलेटचे पाठ्यपुस्तक त्याच्या आधी दोनच वर्षे, १९१३ मध्ये, आले होते. मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडीज यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो १९१९ मध्ये. म्हणजे विद्यापीठाने विषय शिकवायला घेण्यापूर्वी चार वर्षे एका सरकारी नोकराने मराठीत तो लिहून दाखवला होता.

‘गावगाडा’ वाचताना पहिली जाणवते ती भाषा. पाटील-कुलकर्णी, कारूनारू, फिरस्ते, सण, जत्रा, देणी-घेणी या प्रत्येकाची गावातली नावे, मापे आणि रिवाज आत्रे देतात. पण त्यांचे पुस्तक निव्वळ नोंदवही नाही. त्यात एक आरोप आहे. पिढीजात हक्कामुळे कारागिराला चांगले काम करण्याची गरज उरत नाही, कारण काम वाईट केले तरी बलुते चुकत नाही. आणि कुणब्याला दुसरीकडून काम करून घेता येत नाही, कारण गावचा सुतार ठरलेला. स्पर्धा नाही, शिक्षण नाही, नवे हत्यार नाही. खळ्यावर इतके हात पसरलेले असतात की राबणाऱ्याच्या घरी जाणारा वाटा आकसतो. मेटकाफला जे राज्य दिसले त्याचा जमाखर्च आत्र्यांनी मांडला आणि तो तोट्याचा निघाला. मराठीत समाजाकडे असे हिशेबी, न भिणाऱ्या नजरेने पाहणारे पुस्तक त्याआधी क्वचितच झाले, आणि आजही ते पदवीच्या पहिल्या वर्षाला नेमण्याच्या योग्यतेचे आहे.

मात्र एका ठिकाणी आत्र्यांची नजर सरकारी नजर झाली. चार वर्षे आधी, १९११ मध्ये, त्यांनी ‘गुन्हेगार जाती’ हे पुस्तक लिहिले होते. जन्मावरून सबंध जमातीला गुन्हेगार ठरवण्याचा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा वाढवली. भटक्यांच्या बाबतीत आत्र्यांनी हा शिक्का जवळपास तसाच स्वीकारला. जन्मावरून सुताराला सुतार ठरवण्यातला अन्याय ज्याला इतका स्पष्ट दिसला त्याला जन्मावरून माणसाला चोर ठरवण्यातला अन्याय दिसू नये, ही या मोठ्या लेखकाची मोठी उणीव आहे. तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. शिक्का पुसलेला नाही.

भटक्यांचे जग आतून कसे होते हे पाहायचे तर पाथर्डी तालुक्यातल्या मढीला जायला हवे. कानिफनाथांच्या समाधीची ही यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. वैदू, गोपाळ आणि इतर कितीतरी जमाती इथे राज्यभरातून येतात, गाढवांचा बाजार भरतो, सोयरिकी जुळतात. वर्षभर विखुरलेल्या माणसांचा समाज इथे काही दिवस डोळ्यांना दिसेल असा एकत्र येतो. दुर्खाइमने १९१२ च्या धर्मविषयक ग्रंथात ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबद्दल लिहिले की माणसे एकत्र जमतात तेव्हाच गटाला आपण गट आहोत याचा पुन्हा अनुभव येतो, आणि ते सामर्थ्य त्यांना दैवी वाटते. मढीला हे पटते. पण याच मढीत जातपंचायती बसत, आणि दंड, वाळीत टाकणे, बाईच्या शीलाचा निवाडा हेही इथेच होई. एकत्र येण्याच्या आनंदातच धाकही पिकतो, हे दुर्खाइमच्या ग्रंथात पुरेसे येत नाही.

९ मे १९१६ रोजी, ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्याच वर्षी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींची उत्पत्ती आणि घडण यावर निबंध वाचला. जातीचा गाभा धंद्यात नाही, विवाहबंदीत आहे, असे त्यांनी मांडले. गटाबाहेर लग्न न करण्याची भिंत एकाने उभी केली की इतर तिचे अनुकरण करतात, किंवा बाहेर पडतात. अनुकरणाचा हा नियम समजावताना त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्दचा आधार घेतला. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चालींचे कारण त्यांनी त्या भिंतीच्या राखणीत शोधले. एवढ्या तरुण वयात लिहिलेला हा निबंध आजही जातीच्या अभ्यासात टाळता येत नाही.

भारतात परतल्यावर तो अभ्यासक महार वतनाशी भिडला. १८७४ च्या वतन कायद्याने महाराची चाकरी सरकारी करून टाकली होती. काम कोणते, किती तास, याला मर्यादा नाही; मोबदला गावाच्या मर्जीवर; आणि वतन असल्यामुळे गाव सोडून जायची सोय नाही. घरातला एक माणूस चाकरीला नसला तर दुसरा, तो नसला तर बाई. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचे बिल आणले. बलुते रोखीत बसवावे, कामे ठरवून द्यावीत, ज्याला वतनातून मोकळे व्हायचे त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी, असा त्याचा रोख होता. ते बिल मंजूर झाले नाही.

डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यात हरेगावला महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिला हजर राहिले. जागा लक्षात घेण्यासारखी आहे. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता. तिथे हप्त्याला रोख मजुरी मिळत होती, भोंग्यावर काम सुरू होऊन भोंग्यावर संपत होते, आणि आसपासच्या खेड्यांत त्याच माणसांचे भाऊबंद अजून वतनाच्या चाकरीत अडकलेले होते. मेनने दर्जाकडून कराराकडे जाण्याची जी वाट शतकांच्या अंतरावर दाखवली होती तिची दोन्ही टोके इथे काही कोसांवर होती. परिषदेत बोलायला जमलेले लोक त्या वाटेवर उभे राहून वाट कोणी अडवली ते विचारत होते. कराराकडे समाज आपोआप सरकत नाही, त्यासाठी भांडावे लागते. ही हरेगावची भर मेनच्या सिद्धांतात घालायला हवी.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी मेटकाफच्या त्या जुन्या कौतुकाचा समाचार घेतला. गाव हे राज्यघटनेचा पाया करा, अशी मागणी तेव्हा जोरात होती. त्यांनी ती नाकारली आणि व्यक्तीला पाया केले. सव्वाशे वर्षे चाललेल्या वादाचा निकाल त्या भाषणाने लावला असे म्हणायला हरकत नाही.

कायदे मग एकामागून एक आले. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. महारांसह कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने संपले. गुडाइनने ज्या हक्कांची चौकशी केली ते कागदावरून पुसायला एक शतक आणि वर दहा वर्षे लागली.

१९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले. लेखक अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. वेशीबाहेरच्या ज्या माणसाला एल्फिन्स्टनपासून कोणी विचारले नव्हते तो आता स्वतः बोलला, आणि मराठी वाचक हादरला. समाजशास्त्राच्या दृष्टीने या पुस्तकाचे मोल असे की बलुत्याचा वाटा घ्यायला जाणाऱ्याला काय वाटते हे त्यातून प्रथमच इतके उघड झाले. गुडाइन, आत्रे, वेबर यांनी वाटा मोजला. पवारांनी तो घेतानाची मान खाली घालणे सांगितले. वेबर ज्याला कृतीचा कर्त्याच्या दृष्टीने असलेला अर्थ म्हणतो, तो समजून घ्यायला याहून सच्चे साधन नाही.

अभ्यासकांचे काम इकडे चालूच होते. जपानचे हिरोशी फुकाझावा यांनी पेशवेकालीन मराठी कागद वाचून १९७२ मध्ये एक निबंध लिहिला. अमेरिकन मिशनरी विल्यम वायझरने १९३६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या करीमपूरवरून जजमानी पद्धतीचा सिद्धांत मांडला होता. त्यात कारागीर ठरावीक कुटुंबांशी बांधलेला असतो. मराठी गावात बलुतेदार साऱ्या गावाचा चाकर होता, म्हणून वायझरपेक्षा वेबरचे वर्णन इथे जास्त लागू पडते, असे फुकाझावांनी दाखवले. एका प्रांताचे खेडे सगळ्या देशावर पसरवू नये, हा धडा त्यात आहे.

आणि बी. एस. बाविस्कर यांनी गावाऐवजी कारखाना निवडला. प्रवरानगरला लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केल्यावर जिल्हा बदलू लागला होता. बाविस्करांनी कोपरगावच्या सहकारी कारखान्याचा अभ्यास केला आणि १९८० मध्ये त्याचे पुस्तक झाले. संचालक मंडळाची निवडणूक, गटबाजी, ऊसतोडीचा क्रम, भावाची चढाओढ हे सारे त्यांनी समाजशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. राजकारणाने कारखाना बुडतोच असे नाही. गटांच्या स्पर्धेमुळे सभासदाला चांगला भाव द्यावाच लागतो, हे त्यांचे निरीक्षण सहकाराकडे तुच्छतेने किंवा भक्तीने पाहणाऱ्या दोघांनाही विचार करायला लावते. सभासद होण्यासाठी मात्र जमीन आणि ऊस लागत होता. वतन नसलेल्यांच्या, जमीन नसलेल्यांच्या वाट्याला कोयता आला.

नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात आज समाजशास्त्राचा पहिला तास कोंतपासून सुरू होतो. कोंत, मार्क्स, दुर्खाइम, वेबर शिकवावेतच. त्यांच्याशिवाय प्रश्न विचारायची शिस्त येत नाही. पण त्याच टेबलावर ‘गावगाडा’, ‘दीनमित्र’चे अंक, जातींवरचा १९१६ चा निबंध आणि ‘बलुतं’ ठेवायला हवे, पुरवणी वाचन म्हणून नव्हे, तर तितक्याच मानाने. आणि एक काम विद्यार्थ्यांनी स्वतः हाती घ्यावे. वतने रद्द होऊन साठ वर्षांवर झाली. खळ्यावर बलुते देणारी आणि घेणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. कोणी किती दिले, कोणी कसे घेतले, कोण कुठे उभे राहत असे, हे त्यांच्याकडून आताच लिहून घ्या.